जुना एलटीओ-५ टेप ड्राइव्ह आणि लिनक्स : दीड वर्ष वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

कॉम्प्युटरचा डेटा कॅसेटसारख्या टेपवर लिहिणाऱ्या या ड्राइव्हला (एलटीओ हा त्या टेपचा प्रकार, ५ म्हणजे पाचवी पिढी) पाचपैकी चार स्टार देतोय. एक कापला तो ड्राइव्हमुळे नाही, माझा जो वेळ गेला त्यामुळे कापला, आणि त्यातला अर्धा वेळ माझ्याच चुकांनी गेला हे पण कबूल आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सेकंडहँड मालाचं रडगाणं कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नसतो.

आधी मी कोण आणि हे खूळ का डोक्यात शिरलं ते सांगतो. आमचा सांगलीत लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आमच्या तीन हार्ड डिस्क होत्या. कॅमेरे उचलले, लेन्स उचलल्या, अगदी आईच्या लोणच्याच्या बरण्या माळ्यावर गेल्या, डिस्क राहिल्या. बॅकअप होता की नाही? होता ना, त्याच कप्प्यात होता. त्यानंतर दोन वर्षं मी रस्त्यात ठरावीक लोक दिसले की गल्ली बदलायचो.

मग नुसत्याच डिस्क घेत सुटलो. दर सीझनला एक नवीन, वर तिची कॉपी म्हणून अजून एक, असं करत टेबलाखाली डिस्कचं दुकान झालं आणि त्यातली एक नुसती पडून पडून गेली, लावली तर टिक टिक टिक. तेव्हा टेपबद्दल वाचायला लागलो. टेप म्हणजे तीच कॅसेटमधली पट्टी, फक्त अर्धा इंच रुंद आणि एलटीओ-५ मध्ये ८४६ मीटर लांब. बँका, टीव्ही चॅनेल, मोठी डेटा सेंटर यांच्याकडे ही अजून रोज चालते. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअर बगमुळे काही लोकांच्या जीमेलमधल्या मेल गायब झाल्या होत्या, वापरणाऱ्यांपैकी ०.०२ टक्के लोकांच्या, आणि गुगलने त्या परत आणल्या त्या टेपवरून. कारण बग ऑनलाइन कॉप्यांपर्यंत पोचला, कपाटातल्या टेपपर्यंत कुठून पोचणार, तिला वायरच नाही. हे वाचलं आणि मी फसलो म्हणा किंवा सुधारलो म्हणा.

नवीन ड्राइव्हचं नाव काढू नका. अलीकडच्या पिढीचा, एलटीओ-९ चा भाव काढला तर त्यात बरी सेकंडहँड कार येईल. म्हणून जुना बघायला लागलो. पिढ्यांचं गणित असं आहे की एलटीओ-४ मध्ये एका टेपवर ८०० जीबी, एलटीओ-५ मध्ये दीड टीबी, ६ मध्ये अडीच, ७ मध्ये ६, ८ मध्ये १२ आणि ९ मध्ये १८ टीबी. एलटीओ-५ ही २०१० ची पिढी, मोठ्या ऑफिसांनी कधीच काढून टाकलेली, त्यामुळे स्वस्त मिळते. आणि टेपच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात '३ टीबी' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, तो कॉम्प्रेशन धरून केलेला हिशोब आहे. आपले जेपीजी, रॉ, व्हिडिओ आधीच दाबून बसवलेले असतात, ते अजून काय दबणार. दीड टीबीच धरा.

आता खरेदीची कहाणी. पहिल्या दुकानदाराने (परराज्यातला, ऑनलाइन, नाव नको) 'टेस्टेड, वर्किंग' म्हणून ड्राइव्ह पाठवला, पार्सल उघडलं तर मागे फायबर चॅनेलचं कनेक्टर. म्हणजे हा मोठ्या टेप लायब्ररीतून (अनेक टेप आपोआप बदलणारं मशीन) उपसून काढलेला ड्राइव्ह, आपल्या पीसीला जोडायचा तर वेगळंच कार्ड, वेगळीच केबल, आणि लायब्ररीशिवाय तो धड चालेल याची खात्री नाही. मी फोन केला तर म्हणतो, "सर कनेक्टर मिळतो ना बाजारात." सहा आठवडे गेले पैसे परत यायला. तर घेणार असाल तर मागच्या बाजूचा फोटो मागा, आणि एसएएस (सर्व्हरच्या डिस्क जोडतात ते कनेक्शन) आहे का ते बघा. यूएसबी शोधत बसू नका, या वयाच्या ड्राइव्हला ते सहसा नसतं.

दुसरा ड्राइव्ह मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका ओळखीच्याच्या ओळखीतून मिळाला, बाहेर ठेवायचा, स्वतःचा डबा, स्वतःचा पंखा. २४ हजार. त्या माणसाने माझ्यासमोर टेप घालून दाखवली आणि चहा पाजला, बिल मात्र दिलं नाही. जोडीला जुनं एलएसआयचं एसएएस कार्ड साडेतीन हजार, केबल अठराशे आणि क्लीनिंगची कॅसेट ३२०० ला. टेप मला १९०० ला एक पडली, नवीन, सीलबंद. जुन्या टेप स्वस्त मिळतात पण मी घेतल्या नाहीत, आधीच जुना ड्राइव्ह त्यात जुनी टेप म्हणजे कोण बिघडलं ते कळायचं नाही.

पंख्यावरून आठवलं, काही जण हौसेने आतला ड्राइव्ह घेऊन पीसीच्या कॅबिनेटमध्ये बसवतात. याला हवा खेळती लागते, नुसता कोंडून ठेवला तर तापतो. बाहेरच्या डब्यात ती सोय असते पण आवाज म्हणाल तर मिक्सर लावून विसरल्यासारखा. माझा ड्राइव्ह स्टुडिओच्या पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकशेजारी आहे.

कार्डाबद्दल एक गोष्ट. सर्व्हरमधलं रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारं) कार्ड असेल तर त्यावर टेप ड्राइव्ह बऱ्याचदा दिसतच नाही, साधं एचबीए कार्ड (ड्राइव्ह नुसता थेट जोडून देणारं) घ्या. माझं कार्ड डेबियन लिनक्सवर लावलं आणि काहीही न करता कर्नलने ओळखलं, ड्रायव्हर आधीपासून आत आहे. सीडी नाही, लायसन नाही, 'ट्रायल संपली' नाही. एलएसस्कझी ही कमांड मारली की यादीत 'टेप' असा शब्द दिसतो, तो दिसला की अर्धी लढाई झाली. माझ्या युजरला 'टेप' नावाच्या ग्रुपमध्ये घालावं लागलं, नाहीतर सारखं परमिशन डिनाइड. आणि एमटी नावाची जी कमांड टेप हलवते ती डेबियनवर आधी सीपीआयओ पॅकेजमधली येते, तिला मोजकंच येतं, त्यापेक्षा एमटी-एसटी हे पॅकेज टाका. मग एमटी स्टेटस मारल्यावर डेन्सिटी कोड झिरो-एक्स-५८ दिसला म्हणजे आत एलटीओ-५ ची टेप आहे.

आता माझी पहिली माती. लिनक्समध्ये एकच ड्राइव्ह दोन नावांनी दिसतो, एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो. एसटी-झिरोवर काम झालं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, एनएसटी-झिरोवर जिथे आहे तिथेच थांबते. हे वाचलं होतं, समजलंय असं वाटलं पण होतं. पहिल्या दिवशी २०२२ च्या लग्नसराईचं टार आर्काइव्ह (टार म्हणजे सगळ्या फाइल एका गठ्ठ्यात बांधणारी कमांड) लिहिलं एसटी-झिरोवर, मग त्याच टेपवर पुढे म्हणून २०२३ चं लिहिलं परत एसटी-झिरोवर. पुढे कसलं, टेप कधीच मागे गेली होती, २०२३ बरोबर २०२२ च्या डोक्यावर बसलं. आणि टेपवर नवीन लिहिणं जिथे संपतं त्याच्यापुढचा जुना डेटा ड्राइव्ह वाचूच देत नाही, त्याच्या दृष्टीने टेप तिथेच संपली. डिस्कवर मूळ फाइल होत्या म्हणून वाचलो. तेव्हापासून मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे, 'एन विसरू नको', बायकोला वाटतं एन कोण.

दुसरी गोष्ट समजायला जास्त वेळ लागला. हा ड्राइव्ह सेकंदाला १४० एमबी लिहितो. म्हणजे दीड टीबीची टेप तीन तासात भरते, डेटा तेवढ्या वेगाने मिळत राहिला तर. तेवढ्यात पट्टी ८० वेळा या टोकाकडून त्या टोकाला जाते, हिशोब केला तर साठ-पासष्ट किलोमीटर होतात, सांगलीहून कोल्हापूर गाठून वर आणखी पुढे. मात्र तिला मधे थांबवलेलं आवडत नाही. माझ्या जुन्या डिस्कवरून बारीक बारीक फाइल वाचताना वेग पार पडायचा, ड्राइव्ह थोडा हळू होतो पण एका मर्यादेच्या खाली नाही, मग तो थांबतो, मागे जातो, परत वेग घेतो, लिहितो, परत थांबतो. घुर्र, खट्ट, घुर्र, खट्ट. याला शू-शायनिंग म्हणतात, बूट पॉलिशवाल्याचा ब्रश जसा पुढे-मागे होतो तसं. वेळ तर जातोच पण टेप आणि हेड दोन्ही झिजतात. पहिली टेप मी अशी साडेनऊ तास घासली आणि मला वाटत होतं काय मस्त काम चाललंय.

यावर उपाय एमबफर. छोटंसं प्रोग्राम आहे, टार आणि टेपच्या मधे बसतं, आधी रॅममध्ये भरपूर माल साठवतं आणि मग एका दमात टेपला देतं. मी सहा जीबी रॅम देतो आणि ९० टक्के भरल्याशिवाय लिहायचं नाही असं सांगतो. घुर्र-खट्टचं प्रमाण एकदम खाली आलं. आणि आता नवीन पद्धत अशी की लग्नाचं फोल्डर आधी एसएसडीवर घ्यायचं, तिथून टेपवर, मग तर सलग आवाज, पावसाळ्यातल्या पत्र्यासारखा. ब्लॉक साइझ (टेपवर एका वेळी लिहायचा तुकडा) मी २५६ केबी ठेवलाय, टारमध्ये त्यासाठी बी-५१२ लिहावं लागतं. हा आकडा टेपच्या लेबलवर लिहून ठेवा, का ते पुढे येतंय.

पुढे म्हणजे गेल्या दिवाळीत. एका ताईंचा फोन आला, २०२१ च्या लग्नातल्या आजोबांचा एकटा फोटो पाहिजे, आजोबा गेलेत. आमच्याकडे ते लग्न डिस्कवर नव्हतं, टेपवर होतं. छाती फुगली माझी. टेप घातली, एनएसटी-झिरो, एक फाइल पुढे सरक म्हणून एफएसएफ १, मग टारने काढायला गेलो तर एरर : कॅनॉट अलोकेट मेमरी. परत केलं, परत तेच. आमचे दाजी तिथेच बसले होते, त्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं असं त्यांचं मत आहे. म्हणाले, "अरे मेमरी कमी पडतीय तुझी, रॅम टाक नवीन." मी म्हटलं, "दाजी, ३२ जीबी आहे." म्हणाले, "मग ६४ टाक, एवढा काय विचार करतोस." आणि मी खरंच रॅमचे भाव बघत होतो हो!

भानगड ही होती की टेपवर लिहिलंय २५६ केबीच्या ब्लॉकने आणि वाचताना मी बी-५१२ द्यायला विसरलो, टार आपल्या नेहमीच्या १० केबीच्या वाटीत तो ब्लॉक घ्यायला बघतोय, मावत नाही, आणि लिनक्स ते 'मेमरी मिळत नाही' अशा भाषेत सांगतो. बी-५१२ लावलं आणि चालू झालं. फोटो मिळाला, पण पाऊण तासाने, कारण ते ४०० जीबीचं एकच आर्काइव्ह होतं, आजोबा शेवटाकडे होते आणि टार सुरुवातीपासून सगळं वाचत तिथपर्यंत जातो. आता मी प्रत्येक लग्नाचं वेगळं आर्काइव्ह करतो आणि कुठलं लग्न कितव्या फाइलला ते वहीत लिहितो. हो, वहीत, पेनाने. टेक्स्ट फाइल पण आहे, पण २०१९ नंतर माझा वहीवर विश्वास जास्त आहे, ती निदान वाळवता येते.

तुम्ही म्हणाल एलटीएफएस का नाही वापरत. वापरून बघितलं. एलटीओ-५ पासून ही सोय आली, टेपचे दोन भाग करतात, एका भागात फाइलींची यादी आणि दुसऱ्यात माल, मग टेप पेनड्राइव्हसारखी माउंट होते. ऐकायला लय भारी. मी सोर्सवरून कंपाइल केलं, माउंट केलं, यादी क्षणात दिसली, खूष झालो आणि फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर उघडलं. त्याने काय करावं, सगळ्या फोटोंचे थंबनेल बनवायला घेतले! एका फोटोसाठी टेप या टोकाला, दुसऱ्यासाठी त्या टोकाला, बिचारी नुसती धावतेय, अनमाउंट पण होईना. शिवाय फाइल डिलीट केली तरी जागा परत मिळत नाही, आणि लिहिताना मधेच लाइट गेली तर यादी अर्धवट राहते, मग एलटीएफएस-सीके चालवून दुरुस्ती करत बसा. यूपीएस लावलाच पाहिजे, तो तसाही लावाच. ज्यांना कमांडची ॲलर्जी आहे किंवा टेप दुसऱ्या एडिटरला द्यायची आहे त्यांनी एलटीएफएस घ्यावं, थंबनेल बंद करून. मी आपला टारवाला माणूस झालोय.

हेड साफ करायची ती ३२०० ची कॅसेट, ती उगाच दर रविवारी घालायची नसते. साफ करणारी पट्टी हेडला घासते, गरज नसताना घासली तर नुकसानच. ड्राइव्ह स्वतः सांगतो, माझ्याकडे छोट्या डिस्प्लेवर 'सी' येतो. दीड वर्षात दोनदा आला. टेपइन्फो नावाची कमांड पण सांगते, ती एमटीएक्स पॅकेजमध्ये येते.

सांगलीच्या हवेत टेप टिकेल का हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता, कारण व्हीएचएसच्या जमान्यातल्या आमच्या कॅसेटींना आलेली पांढरी बुरशी मी बघितलीय. टेपवाले ३० वर्षांची गोष्ट करतात, पण ती थंड आणि कोरड्या जागेत, १६ ते २५ डिग्री आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत. आमच्याकडे जुलैमध्ये कपड्यांना पण बुरशी येते. मग लक्षात आलं की फोटोग्राफरकडे ही सोय आधीच असते, लेन्स ठेवायचा ड्राय कॅबिनेट! ४५ टक्क्यांवर लावून ठेवलाय, खालचा कप्पा टेपला दिला. (खालचा कप्पा म्हटल्यावर आई माझ्याकडे ज्या नजरेने बघते ते सांगता येत नाही, पण आता कॅबिनेटच पहिल्या मजल्यावर आहे.) दुसरी कॉपी दाजींकडे पुण्यात, एअरटाइट डब्यात सिलिका जेल घालून. दाजींना एकच सूचना आहे, डबा आपटायचा नाही, कारण टेपच्या टोकाला एक बारीक पिन असते, ड्राइव्ह तिलाच धरून पट्टी ओढतो, ती निसटली तर बसली बोंब. आणि पुण्याहून आणलेली टेप लगेच घालायची नाही, काही तास खोलीत राहू द्यायची.

पैशाचं खरं सांगतो, कारण बाकीचे लोक टेप स्वस्त टेप स्वस्त म्हणतात आणि ड्राइव्ह विसरतात. माझा डेटा १२ टीबी, दोन कॉप्या म्हणजे २४ टीबी, त्याला १६ टेप, ३०,४०० रुपये. ड्राइव्ह, कार्ड, केबल, क्लीनिंग मिळून ३२,५००. एकूण ६२,९००. याच कामाला आठ टीबीच्या तीन डिस्क मला ५१ हजारात मिळाल्या असत्या. म्हणजे मी आज तोट्यात आहे. माझ्या भावाने टीबीमागे टेप साधारण १२७० आणि डिस्क २१२५, फरक साडेआठशेचा, त्यामुळे कॉप्या धरून ३८ टीबीच्या पुढे गेल्यावर ड्राइव्हचे पैसे वसूल होतात. दोन-तीन सीझनमध्ये मी तिथे पोचेन, फोरके व्हिडिओमुळे लवकरच. ज्याचा सगळा डेटा चार टीबी आहे त्याने या भानगडीत पडूच नये, दोन डिस्क घ्या, एक बहिणीकडे ठेवा, सुखाने झोपा.

मी मात्र घेतलेल्याचा पस्तावा करत नाही. लिहून झालं की टेपवरची लाल खटकी सरकवली की ती लॉक होते, मग मी चुकीची कमांड मारू दे नाहीतर कुठला रॅन्समवेअर येऊ दे, लिहिताच येत नाही. हे सुख डिस्कमध्ये नाही. प्रत्येक टेप लिहून झाली की टारच्या कंपेअरने परत वाचून मूळ फाइलींशी ताडून बघतो, त्यात अजून तीन तास जातात, पण ते मी जेवणाच्या आणि दुपारच्या झोपेच्या वेळेत बसवलंय. आतापर्यंत १६ पैकी एक टेप या ताडणीत नापास झाली, नवीन होती तरी, ती बदलून मिळाली. ताडलं नसतं तर कळलं असतं दहा वर्षांनी, कुणाच्या तरी आजोबांच्या वेळी.

आता एकच टोचणी आहे. टेप ३२ होतील, ६४ होतील, वाचणारा ड्राइव्ह एकच, आणि तोही म्हातारा. दिलासा एवढाच की एलटीओ-६ आणि ७ चे ड्राइव्ह पण एलटीओ-५ ची टेप वाचतात, ८ पासून मात्र नाही. म्हणून दुसरा ड्राइव्ह शोधतोय. कुणाकडे एलटीओ-६ असेल, बाहेरचा डबा, एसएएस, टेप घालून चालतानाचा व्हिडिओ दाखवणार असाल तर कळवा, कोल्हापूर-पुणे-मुंबई कुठेही येतो. फायबर चॅनेलवाला असेल तर कृपया फोटोसुद्धा पाठवू नका.